ही पण गेली

लेक चौदा महिन्यांची होईपर्यंत मी कोमट पाण्याने अंघोळ केली नाही. गार पाणी, तेही उकिडवं बसून, दोन मिनिटांत उरकायची. कुणी विचारलं तर सांगायचे, गार पाण्याने तरतरी येते. खरी गोष्ट वेगळीच होती. उभं राहून कोमट पाणी मांड्यांवरून ओघळायला लागलं, की मी न्हाणीघरात नसायचेच. मी परत त्या टेबलावर असायचे. पाठीखालचं कापड गरम आणि ओलं होत चाललेलं, आणि माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी म्हणत असायचं, "ही पण गेली."

त्या 'पण'ने माझा जीव घेतला होता. गेली एवढंच म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण 'ही पण' म्हणजे माझ्या आधी त्या रात्री तिथे आणखी कुणीतरी गेली होती आणि आता माझा नंबर होता. चौदा महिने मी हा अर्थ उराशी धरून होते. कुणाला सांगितला नाही, कारण सांगणार काय? मी तर जिवंत होते, पोरीला मांडीवर घेऊन बसले होते.

झालं ते थोडक्यात असं. चौदा तास कळा, मग बाळंतपण अगदी नैसर्गिक, टाकेही फारसे नाहीत. मुलगी रडली, माझ्या छातीवर ठेवली, वार पडली. आणि मग गर्भपिशवी आवळलीच नाही. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांची तोंडं बंद करायचं काम पिशवीचे स्नायू आवळून करतात. ते सैल राहिले की नळ उघडाच. नऊ महिने पूर्ण झालेल्या पिशवीकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं, हे मला नंतर कळलं आणि मग मिनिटांची किंमतही कळली. नैसर्गिक बाळंतपणात ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायची पद्धत आहे. माझं १९०० गेलं. पिशवी आवळायला ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, पोटावर मुठीचा दाब, शेवटी आत फुगा घालून तो फुगवणं, रक्ताच्या चार पिशव्या. सगळं वेळेवर झालं. त्या लोकांनी मला वाचवलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

फक्त त्या सगळ्या वेळात माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्याबद्दल, माझ्यावरून, माझ्या अंगावरून बोलत होते. दात वाजत होते, छतावरच्या दिव्यात एक मेलेला किडा होता, बाळाला कुणीतरी उचलून नेलं होतं.

बाहेर नवऱ्याने सगळ्यांना फोन केले. बाळ-बाळंतीण सुखरूप. या दोन शब्दांत केवढी मोठी सुटका आहे हे मलाही कळतं. पिढ्यान्‌पिढ्या बायका बाळंतपणात गेल्या, तेव्हा कुठे या शब्दांना वजन आलं. पण एकदा सुखरूप म्हटलं की पुढे बोलायला जागा उरत नाही. "शेवटी बाळ धडधाकट आहे ना?" आहे. "मग झालं तर." मीसुद्धा म्हणायचे, झालं तर.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा दहा प्रश्नांचा एक कागद दिला. तो एडिंबराचा, १९८७ पासून जगभर वापरतात, बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला. तुम्हाला हसू येतं का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, रडू येतं का. मला हसू येत होतं. पोरीकडे बघून तर खूपच. गुण काळजीच्या रेषेखाली आले, "छान आहात तुम्ही" असं कळलं. कागद खोटा नव्हता, तो जे शोधत होता ते मला झालंच नव्हतं. रात्री तीनच्या सुमाराला उठून मी चादरीवर हात फिरवून ती कोरडी आहे ना बघते, हे त्यात कुठे लिहायचं?

लसीकरणाला नवरा न्यायचा. मी कामाचं निमित्त काढायचे. मायक्रोवेव्हचा बीप बंद करता येत नाही म्हणून मी तो वापरणंच सोडलं. उताणी झोपत नव्हते. ऑफिसात एका सहकारिणीने सात महिन्यांचं पोट घेऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढली, तर मी दिवसभर दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसले. माझा पेशा हिशेब तपासण्याचा. इतरांच्या वह्यांत दडवलेली रक्कम मला वासावरून सापडते. स्वतःच्या वहीत मी चौदा महिने खाडाखोड करत होते.

शेवटी गेले ती झोपेच्या गोळीसाठी. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागत नाही, की झोपायची भीती वाटते?" मी काही बोलले नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ती गोळीची नव्हती, आघातावर काम करणाऱ्या एका थेरपिस्टची होती.

तिथे दुसरा कागद. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की आघातोत्तर तणावाचा संशय घेऊन नीट तपासणी करतात. मला ५२. आयुष्यात पहिल्यांदा चांगले गुण पडल्याचं वाईट वाटलं. मी लगेच वाद घातला, हिशेबनीसच ना. म्हटलं, हे सैनिकांना होतं, बलात्कार झालेल्या बायकांना होतं, अपघातात होतं. बाळंतपण तर घरोघरी होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासारखंच एके काळी पुस्तकालाही वाटत होतं." पुस्तक म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची आजारांची यादी. हे निदान त्यात १९८० मध्ये आलं. १९८७ च्या आवृत्तीत अट होती की घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची हवी. म्हणजे बायकांच्या वाट्याला जे वारंवार येतं ते त्या अटीतच बसेना. घरातली मारहाण नेहमीची, बाळंतपण नेहमीचं. १९९४ मध्ये ती अट काढली. आता सर्वसाधारण बाळंतिणींमध्ये शंभरात चारेक जणींना हा त्रास होतो असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलं गेलंय, आणि ज्यांच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली त्यांच्यात प्रमाण बरंच जास्त. मला त्या आकड्याने जे मिळालं ते सहानुभूतीने मिळालं नव्हतं. माझी नोंद करायला एक रकाना होता तर!

उपचाराची पद्धत एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवलेली. आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक जवळजवळ दीड तासाची. त्यात दोन कामं. एक, जे जे टाळता त्याची यादी करून ते पायरीपायरीने करायचं. दोन, झालेली घटना डोळे मिटून, वर्तमानकाळात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. आणि परत सांगायची. आणि परत.

मी विचारलं, विसरायची काही पद्धत नाही का? नव्हती.

यादीला त्या शिडी म्हणायच्या. प्रत्येक गोष्टीपुढे शून्य ते शंभर आकडा लिहायचा, किती जीव घाबरतो त्याचा. पावलांवर कोमट पाणी, ३५. स्पिरिटचा वास, ४५. उताणं पडून राहणं, ६०. लेकीला सुई टोचताना तिला धरून बसणं, ७५. त्याच इस्पितळाच्या लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसणं, ९५. आणि नियम असा, की गेलात की आकडा निम्म्यावर येईपर्यंत, किंवा अर्धा-पाऊण तास, तिथून उठायचं नाही. कारण आपण पळतो ते नेमकं भीती शिगेला पोचलेली असताना. मग मनाची खात्री पटते, पळालो म्हणून वाचलो. टाळणं ही उसनवारी आहे हे मला लगेच पटलं. आजचा दिवस निघतो, व्याज चढत राहतं.

कोमट पाण्याच्या बादलीत पाय घालून मी स्टुलावर बसले होते, हातात घड्याळ, आणि दारातून लेक टाळ्या वाजवत बघत होती. तिला वाटलं आईचा खेळ चाललाय. पस्तीसचा आकडा सत्तरवर गेला आणि मग बावीस मिनिटांनी खाली आला. कंटाळ्यामुळे आला, असं माझं प्रामाणिक मत. भीतीलाही कंटाळा येतो हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शिडी मला जमली. सांगणं जमेना.

पहिल्यांदा मी घटना सांगितली ती सहा मिनिटांत, लेखापरीक्षण अहवालासारखी. "त्यानंतर रक्तस्राव सुरू झाला व उपचार करण्यात आले." त्या म्हणाल्या, "कुणी केले? 'करण्यात आले' नको. वर्तमानकाळ. तुमचा उजवा हात कुठे आहे?" मी डोळे मिटून उजवा हात शोधायला लागले आणि मला घाम फुटला. हात होताच कुठे? चौदा महिने त्या आठवणीत मला हातच नव्हते. एक छत होतं, एक आवाज होता आणि कमरेखालचं गरम ओलं.

प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घरी न्यायचं आणि रोज ऐकायचं. हे सगळ्यात वाईट. स्वतःचा आवाज एरवीही ऐकवत नाही, त्यात हे. तिसऱ्या आठवड्यात मी खोटं बोलले, ऐकलं म्हणून सांगितलं. चौथ्या आठवड्यात गेलेच नाही. स्वप्नं वाढली होती, नवऱ्यावर खेकसत होते. म्हटलं, हे बरं करणारं औषध आहे का रोग? पाचव्या आठवड्यात कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या की सुरुवातीला काही जणींचा त्रास वाढून मग उतरतो, आणि गृहपाठ कुठे अडला ते सांगा. रेकॉर्डिंग कुठे बंद केलंत? मी न बघता सांगू शकले असते. अकराव्या मिनिटाला. त्या वाक्याच्या आधी.

मग पुढच्या तीन बैठका आम्ही फक्त तेवढ्याच तुकड्यावर काढल्या. दोन मिनिटांचा प्रसंग, चाळीस-चाळीस मिनिटं, फिरून फिरून. हात कुठे आहे. उजवा हात फळीवर आडवा आहे. कुणी धरलाय? कुणीतरी मनगट धरलंय. मनगटावर काय वाटतंय? थपडा. कुणीतरी माझ्या हातावर थपडा मारतंय. पट्टा आवळलाय दंडाला. टोचतंय. परत टोचतंय. वर, कोपराच्या आत. आवाज कुठल्या बाजूने आला? उजवीकडून, खालून. खालून? हो, ती व्यक्ती वाकलेली आहे. माझ्या हातावर वाकलेली आहे. काय म्हणतेय?

"ही पण गेली."

मी डोळे उघडले. असं करायचं नसतं, पण उघडले. म्हटलं, "शीर."

शीर गेली! रक्तदाब उतरला की शिरा चिपकतात, सुई घातली की फुटतात. ती सिस्टर दुसरं सलाईन लावायला शीर शोधत होती. एक गेली, ही पण गेली. मराठीत शीरही 'ती' आणि बाईही 'ती'.

मला हसू आलं आणि ते थांबेना, मग रडू आलं तेही थांबेना. त्या गप्प बसून राहिल्या, टिशूचा डबासुद्धा सरकवला नाही, आणि ते मला बरं वाटलं.

घरी पोचेपर्यंत माझ्यातला हिशेबनीस जागा झाला होता. कशावरून? मला हवं होतं म्हणून मनाने ही सोयीची नोंद घुसडली नसेल कशावरून? आठवण काही कॅमेरा नसते. पुढच्या वेळी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "घुसडली असेलही. मी तिथे नव्हते. इथे आपण न्यायालय चालवत नाही. पण तुम्हाला कागद बघायचेत का?"

कागद! मला ते सुचलंच नव्हतं.

इस्पितळात केसपेपरची प्रत मागितली तर खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तक्रार करायचीय का?" नाही म्हटलं. "मग कशाला हवीय?" माझी आहे म्हणून. तीन खेपा झाल्या, दोन अर्ज झाले. बारा पानं मिळाली. ती मी लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसून वाचली, म्हणजे शिडीची शेवटची पायरीही त्याच तिकिटात झाली.

जन्म ३:१०. वार ३:२२. रक्तस्राव जास्त, वरिष्ठांना बोलावले, ३:३०. दुसऱ्या शिरेचे प्रयत्न तीन, तिसरा यशस्वी, ३:३८. रक्त सुरू ३:५५. फुगा बसवला, रक्तस्राव आटोक्यात, ४:१८.

वरिष्ठांना बोलावल्यापासून सगळं मिळून ४८ मिनिटं. माझ्या डोक्यात ती रात्र उजाडेपर्यंत चालली होती. आणि 'प्रयत्न तीन, तिसरा यशस्वी' याचा अर्थ दोन शिरा गेल्या होत्या. एक, आणि ही पण. याने सिद्ध काही होत नाही. पण ताळेबंद जुळला की पोटात एक जागा सैल पडते, ती पडली. त्या गिचमिड अक्षरावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. तीनदा प्रयत्न करणाऱ्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही. मी तिला चौदा महिने माझी मृत्युघंटा समजत होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर कुणीतरी हे वाचून बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी समोर बसवून "सांग, सगळं बोलून टाक" म्हणेल. तसं करू नका. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सक्तीने सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, उलट काहींना नुकसान होतं, असं अभ्यासांत दिसलंय. पुष्कळ जणी कुठल्याही उपचाराविना आपोआप सावरतात. महिना उलटूनही त्रास हटेना, तेव्हा प्रशिक्षित माणसासमोर, पायरीपायरीने, असं हे काम आहे. ते जमणारं नसेल तर डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली आणखी एक पद्धत आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिचीही शिफारस केलीय. माझ्या एका मैत्रिणीला तीच मानवली.

अकराव्या बैठकीत वीस प्रश्नांचा कागद परत भरला. १४. शून्य नाही. मायक्रोवेव्ह अजून आवडत नाही.

आता ते दुसरं, ज्याबद्दल लोकांना जास्त ऐकायचं असतं. तू बदललीस का? नवी झालीस का? आघातानंतर माणसाची वाढ होते यावरही १९९६ मध्ये टेडेस्की आणि कॅलहून यांनी एकवीस प्रश्नांची एक मोजपट्टी केलीय. ती मी उत्सुकतेने भरली आणि मध्येच ठेवून दिली. 'मला वाटलं होतं त्यापेक्षा मी खंबीर आहे', अशा अर्थाच्या वाक्यापाशी अडले. खंबीर या शब्दाचा मला राग आलाय. मी खंबीर आहे म्हणूनच तर कुणी विचारलं नाही. "तू वाघीण आहेस" म्हणणाऱ्यांपैकी एकीनेही लसीकरणाला मुलीला कोण नेतं हे विचारलं नाही. वाघिणीला भीती वाटत नसते असं गृहीत धरलं की आपली रात्रीची झोप शाबूत.

बदल झाले, पण त्यांचं श्रेय मी त्या ४८ मिनिटांना देणार नाही. ती नसती तरी चाललं असतं. मी पोहायला शिकले, छत्तिसाव्या वर्षी. पाण्याची भीती मोडायला म्हणून शिडीत एक जास्तीची पायरी घातली होती, भीती मोडल्यावरही जात राहिले कारण आवडायला लागलं. ऑफिसात विभागप्रमुख व्हायची संधी आली ती नाकारली. पूर्वीची मी ती घेतली असती, आणि रात्री अकराला घरी येऊन ती माझी कर्तबगारी म्हणून मिरवली असती. अहवालात 'करण्यात आले' लिहिणं सोडलं. कुणी केलं ते लिहिते. वरिष्ठांना ते खुपतं.

दुसरं मूल नको, असं आम्ही ठरवलं. त्यावर थेरपिस्टने विचारलं होतं, हा निर्णय आहे की टाळणं? मी दोन बैठका यावर घातल्या. उत्तर असं आलं की थोडं टाळणं आहेच, पण निर्णयही आहे, आणि मला दोन्ही ठेवून जगता येतंय. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं नाही. गेल्या महिन्यात नवऱ्याने विचारलं, "मी ऐकू का?" तीन वर्षांत त्याने त्या रात्रीचा विषय काढला नव्हता. मला वाटायचं, त्याच्या लेखी सुखरूप म्हणजे सुखरूप. मोबाइल दिला. तो आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं. मी बाहेर लेकीला मांडीवर घेऊन बसले. ती झोपली. मी उठून दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. घड्याळ बघत होते. दार बंद, आत माझाच आवाज, शब्द कळत नाहीत, आणि आपल्या हातात काहीच नाही. तो कसा बसला असेल त्या रात्री, हे मला तेव्हा कुठे सुचलं.

तो बाहेर आला. कॉटवर टेकला. बराच वेळ लेकीच्या पावलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एका सिस्टरने हिला माझ्याकडे दिलं होतं, आणि मग त्यांनी एक कागद आणला होता, सही करायला, आणि मला माझंच..."

तो थांबला.

"असं नाही," मी म्हटलं. "वर्तमानकाळात सांग."